खिडकीत ठेवलेली नळी

एक विचारतो, मंडळी. भरवसा कुणावर ठेवायचा?

लबाडावर नको, हे शेंबडं पोरही सांगेल. लबाड ओळखू येतो हो, त्याची नजर कुठे ना कुठे घसरते. पण एखादा माणूस दारात येतो, माझा माल चोख आहे म्हणतो, आणि त्याच्या पोटात खरोखरच पाप नसतं. त्याची स्वतःचीच तशी खात्री झालेली असते. त्याचं काय करायचं? आमच्या पेठेत लबाडांनी बुडवलेल्या पेढ्या बोटांवर मोजता येतील. अशा प्रामाणिक माणसांनी बुडवलेल्या मोजायला बसलो तर दिवस मावळेल.

डॉक्टर निनाद शिरगुप्पे असाच आला होता. डोळ्यांत काही खोट नाही.

"बाई, नुसतं हो म्हणायला एवढा वेळ का लागतोय तुम्हाला?"

ज्यांना विचारलं त्या डॉक्टर सत्वशीला चक्रनारायण. वय एक्क्याऐंशी. कृष्णाकाठच्या एका लोकवर्गणीच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचे तुकडे बघून त्यांनी सांगितलं, हा कॅन्सर, हा नव्हे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी सकाळी नऊला प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीत हजर. दवाखाना त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. निनाद त्यांच्याच हाताखाली घडलेला.

आता निनादची गोष्ट ऐका. सहा वर्षं तो एकाच कामाला चिकटून होता. बायकांच्या अंडाशयाचा कॅन्सर नुसत्या रक्तावरून ओळखायचा.

हा आजार फार मुका. पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत जेवण सरतं. घरचे म्हणतात, ओवा खा. कळेपर्यंत तो पोटभर पसरलेला असतो. बरं, संशय आला म्हणून गाठीत सुई घालून बघावं, तर त्याच सुईने आजार सांडायची भीती. म्हणून निनादने रक्त धरलं. रक्तातले पाच पदार्थ मोजून एक आकडा काढायचा, मग सोनोग्राफीचा फोटो संगणकाकडून वाचून घेऊन तो पडताळायचा. आकडा पन्नासाच्या वर गेला की कॅन्सर.

शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर आलं होतं. कुणाच्याही डोक्यात हवा जाईल.

"हो म्हणते," बाई म्हणाल्या. "कुणासाठी म्हणू?"

"महानंदा बिराजदार. जतकडची. वय तेहेतीस. आकडा एक्क्याऐंशी आलाय."

"माझ्या वयाइतका झाला की."

"बाई, थट्टा नको. गुरुवारी ऑपरेशन आहे. दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय. सर्जन म्हणतात, बाईंनी हो म्हटल्याशिवाय मी चाकू लावणार नाही."

"मुलं किती?"

"नाहीत. लग्नाला दहा वर्षं झाली."



"तिच्या जिवाचा प्रश्न आहे," निनाद म्हणाला.

"म्हणून तर वेळ लागतोय."

त्याने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. चारशे जणींवर घासून बघितलंय. दोनशे आजारी, दोनशे निरोगी. लाल ठिपके एकीकडे, निळे एकीकडे."

"रंग छान आहेत."

निनादला ते लागलं. तो म्हणाला, "तुमच्या काळी काच आणि डोळा एवढंच होतं, बाई. आता काळ पुढे गेलाय."

"गेला असेल. मला गुडघ्यामुळे त्याच्यामागे पळता येत नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे रक्त... तुझी त्याची कधी गाठ पडलीय?"

"म्हणजे?"

"नळी कधी हातात घेतलीस?"

"माझ्याकडे आकडे येतात, बाई. नळ्या मुजावर बघतो."

बाईंनी पदर सारला आणि आपला सुरकुतलेला हात टेबलावर पसरला.

"मुजावर! सुई आण."

अल्लाबक्ष मुजावर आतून आला. तीस वर्षं याच खोलीत लोकांचं रक्त काढणारा माणूस. "कुनाचं काढायचं?"

"माझं."

"चहा झालाय तुमचा."

"तुझ्या चहाला काय चहा म्हणायचं? काढ. दोन नळ्या भर."

मुजावरने दोन नळ्या भरल्या. शीर सापडेना म्हणून दोनदा टोचावं लागलं. बाई हूं की चूं करीनात.

"ही एक नेहमीसारखी. अर्ध्या तासाने यंत्रात फिरव आणि वरचं पाणी वेगळं काढ. दुसरी..." बाईंनी मान वळवली. "दुसरी त्या खिडकीत ठेव. दुपारी तीन वाजता फिरव. मग दोन्ही निनादच्या यंत्रावर चढव."

"हे कशासाठी?" निनादने विचारलं.

"म्हातारपणचा चाळा. संध्याकाळी पाचला ये, तुझं उत्तर देते. तोवर महानंदाला भेटून ये."

निनाद गडबडला. महानंदाला तो भेटलाच नव्हता. त्याच्याकडे ती क्रमांक बावीस होती.

स्त्रियांच्या वॉर्डात ती खाटेवर न बसता खाटेशेजारी फरशीवर बसली होती. नवरा बाहेर तंबाखू मळत होता. डॉक्टर आला म्हटल्यावर ती उठायला लागली.

"बसा, ताई. कसं वाटतंय?"

"पोट जड हाय. बाकी काय न्हाई." तिने त्याला नीट न्याहाळलं. "तुमीच काय ते? रगात वाचनारं?"

"हो."

"लई लांबनं आलंय बगा माजं रगात. शिबिरात काडलं सकाळी नवाला. मग त्याच गाडीत मलाबी बसवलं. नळी पुढं, मी मागं. गाडीवाला वाटंत जेवाय थांबला, ताकबीक प्याला निवांत. हितं पोचलो तवा दोन वाजलं हुतं."

निनाद हसला. कानांनी ऐकलं, डोक्यात काही गेलं नाही.

"डाक्टर, एक मागू काय?"

"मागा की."

"दोन्ही काडनार म्हनं..." तिचा आवाज एकदम लहान झाला. "एक तरी ऱ्हाऊ द्या की वो."

 "बाई ठरवतील," एवढंच म्हणून तो निघाला. जिन्यात त्याला स्वतःचाच राग आला. खात्री त्याची, आणि उत्तर बाईंच्या गळ्यात? पण राग किती वेळ टिकणार? आकडा एक्क्याऐंशी होता. आकड्यापुढे दया दाखवून पेशंट जगत नाही, हे त्याने स्वतःला तीनतीनदा बजावलं.

पाचला तो प्रयोगशाळेत आला. यंत्राने कागद काढून ठेवला होता. निनादने तो उचलला.

पहिली नळी: नऊ.

दुसरी नळी: सत्त्याहत्तर.

 माणूस कसा असतो बघा. समोर एकाच हातातून काढलेल्या दोन नळ्या, आणि याच्या डोळ्यांना दिसला फक्त दुसरा आकडा. आईसारख्या बाई. 

"बाई... मला कसं सांगावं कळत नाही. आजच सोनोग्राफी करून घेऊ. वेळेत कळलंय. अजून काही बिघडलेलं नाही..."

"किती आलाय?"

"सत्त्याहत्तर."

"कशाचा कॅन्सर म्हणतंय ते?"

"अंडाशयाचा."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. थोपटला.

"माझी दोन्ही अंडाशयं काढून एक्केचाळीस वर्षं झाली रे, निनाद."

 

निनाद खुर्चीत बसला. पुन्हा कागद बघितला. नऊ. सत्त्याहत्तर. एकच हात, एकच सकाळ. फरक फक्त खिडकीतल्या पाच-सहा तासांचा.

"मुजावर," त्याने हळूच विचारलं, "आजारी बायकांच्या नळ्या तुमच्याकडे कधी येत होत्या?"

"वरच्या मजल्यावरच्या ना? त्या दुपारीच की, साहेब. ऑपरेशनची यादी सुरू व्हायच्या आधी काडत्यात आन् ट्रेमदी ठेवत्यात. यादी संपली की सगळ्या एका खेपंत खाली. लिफ्ट बंद, वॉर्डबॉय एक, त्याचा बी गुडघा धरलाय. दहादा कसा चढंल उतरंल?"

"आणि निरोगी बायकांच्या?"

"त्या तर आपल्याच नर्सा, न्हाईतर पेशंटच्या भनी-जावा. ह्याच खुर्चीवर काडायचं, हितंच फिरवायचं. ताजं ताजं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी कवा विचारलं?" मुजावरने नळ्यांचा ट्रे उचलला. "तुमी यायचा, आकडं घिऊन जायचा. चहा बी घेत न्हवता."

निनादचे आजोबा धनपाल शिरगुप्पे सांगलीत हळदीचे व्यापारी. त्यांच्या दुकानी नेमण्णा नावाचा एक पारखी होता. डोळे बांधून, नुसत्या वासावर सांगायचा, ही राजापुरी हळद, ही सेलमची. परगावचे व्यापारी ते बघायला यायचे, नेमण्णाला फेटा बांधायचे. एकदा एका इरसाल हमालाने माल तोच ठेवून पोती तेवढी बदलली. नेमण्णाने डोळे बांधले, वास घेतला, आणि सगळं उलटं सांगितलं. सेलमचा माल नव्या पोत्यांतून यायचा, राजापुरी, म्हणजे गावचा, जुन्या. तीस वर्षं बिचारा तागाचा वास घेत होता! ती गोष्ट आजोबांनी सांगितली तेव्हा लहानगा निनाद जमिनीवर लोळून हसला होता.

आता त्याला हसू येईना. दोनशे आजारी बायकांचं रक्त ट्रेमध्ये उभं राहिलं होतं. दोनशे निरोगींचं नाही. उभ्या रक्तातल्या पेशी गळतात, आणि नेमके तेच पदार्थ वाढतात.

"पण फोटो, बाई? सोनोग्राफीच्या फोटोतही संगणकाने तिची गाठ लाल दाखवली. चार सेंटिमीटर. ते तर खोटं नाही?"

"गाठ आहेच. ती लाल कुणी केली? फोटो वाचायच्या आधी संगणकाला रक्ताचा आकडा कोण सांगतं?"

"...मीच."

कोर्टकचेरी केलेल्यांना हे समजावायला नको. दोन साक्षीदार एकाच टांग्यातून गप्पा मारत आले, तर ती साक्ष एकच धरायची.

"आणि तो फोटो पाळीच्या कितव्या दिवशी काढलास?" बाईंनी विचारलं.

"विचारलं नाही."

"दर महिन्याला तिथे गाठ येते आणि जाते. बाईच्या जातीला ते नवं नाही."

निनादने डोकं दोन्ही हातांत धरलं. 

"सहा वर्षं, बाई. सहा वर्षं माझं यंत्र काय ओळखत होतं?"

"वाट बघणं," बाई म्हणाल्या. "कोणतं रक्त किती वेळ वाट बघत बसलं, ते. त्यात ते चुकत नाही हो. उगीच नावं ठेवू नकोस."

सर्जनना निरोप गेला, गुरुवारच्या यादीतून महानंदाचं नाव काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादने महानंदाचं रक्त स्वतः काढलं. अर्ध्या तासाने स्वतः फिरवलं. दहा वाजता कागद घेऊन तो धावतच बाईंकडे आला.

"चौदा, बाई! चौदा! तिला काही नाही. सांगून येऊ?"

"कुणाच्या भरवशावर?"

"यंत्राच्या..."

तो मध्येच थांबला. कागदाची घडी केली. पुन्हा उघडली.

"मग मी तिला काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं म्हणजे काय, बाई? मला काहीच..."

"तेवढंच."

तो वॉर्डात गेला. परीक्षेत नापास झालेलं पोर घरी येतं ना, तशी चाल. महानंदा आज खाटेवर बसली होती. नवराही शेजारी उभा.

"ताई, उद्याचं ऑपरेशन होणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "म्हंजे ते न्हाई मला?"

"तुम्हाला ते आहे की नाही... मला माहीत नाही."



"काल तर म्हाईत हुतं."

"काल चुकलो."

नवऱ्याचा पारा चढला. "आवो, काल आमच्या घरात चूल पेटली न्हाई! म्हातारी रडून रडून..." महानंदाने त्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं.

"आता पुडं काय?" तिने विचारलं.

"पाळी येऊन गेली की पुन्हा फोटो काढायचा. यंत्राला दाखवायचा नाही. सोनोग्राफीच्या मॅडम स्वतः बघतील. गाठ वाढली असली तर ऑपरेशन लागेल. कमी झाली तर आणखी थोडं थांबायचं. मधे पोट दुखलं, फुगलं, तर त्याच दिवशी यायचं. हा माझा नंबर. रात्रीअपरात्री लावा."

महानंदाने नंबराची चिठ्ठी घडी करून मंगळसूत्राच्या वाटीमागे खोचायचा प्रयत्न केला, जमेना, मग कमरेच्या पिशवीत घातली.

"थांबते की," ती म्हणाली. "दहा वर्सं थांबलीया, एक म्हयना काय..."

निनादला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. मान खाली घालून आला.

त्या महिन्यात त्याने काय काय केलं ते सांगत बसलो तर लांबण लागेल. चारशेच्या चारशे आकडे त्याने बाजूला काढले. वॉर्डबॉयच्या गुडघ्याला औषध आणून दिलं. नळ्या आणायला सकाळी स्वतः वर जायला लागला, आजाऱ्याची आणि निरोग्याची नळी एकाच घड्याळावर फिरवायला लागला. फोटो वाचणाऱ्याला रक्त सांगायचं नाही, रक्त वाचणाऱ्याला फोटो दाखवायचा नाही, असा नियम केला. मुजावरचा बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. मुजावर म्हणायचा, "साहेब आता कामाला लागलं."

सव्वा महिन्याने तो बाईंकडे आला तो कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन. चेहरा फुललेला.

"गाठ गेली, बाई! फोटो स्वच्छ. सोनोग्राफीच्या मॅडम म्हणाल्या, काही नाही. पुन्हा दोन महिन्यांनी बघू, पण गेली. महानंदाने तुमच्यासाठी कडक भाकरी दिलीय. आणि शेंगाची चटणी."

"मला दात आहेत का कडक भाकरीला?" असं म्हणत बाईंनी एक तुकडा मोडलाच. चहात बुडवला. "बघू तुझी पेशंटची वही."

निनादने वही उघडून दिली. बावीस क्रमांकापुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आधीचा निकाल चुकीचा. नळी उशिरा फिरवली. चूक माझी.' खाली सही, तारीख.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मान डोलावली. निनादने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बाईंसमोर भूक लागली होती.

बाईंचं बोट बावीसवरून वर सरकलं. एकवीस. वीस. एकोणीस. मग खाली. तेवीस, चोवीस...

"ह्या कोण?"

"त्या? ओपीडीतल्या. तुम्ही नळी खिडकीत ठेवायच्या आधीच ह्या नव्या तपासणीसाठी आलेल्या. महानंदा सोडून अडतीस जणी." त्याने चटणी पुढे सरकवली. "पोट फुगतं, दुखतं म्हणून आल्या होत्या. ह्यांचं ठीक आहे, बाई. सगळ्यांचा आकडा कमी आला. काही नाही म्हणून घरी पाठवल्या. फार खूश होऊन गेल्या बिचाऱ्या."

"ह्यांचं रक्त कुठे काढलं?"

"इथेच. ह्याच खुर्चीवर. लगेच फिरवलं."

"आणि काही नाही, हे कुणी सांगितलं?"

"यंत्रा..."

त्याच्या तोंडातला घास थांबला.

बाहेर ओपीडीचा नंबर पुकारत होते. बाईंनी वही वळवून त्याच्यापुढे ठेवली. आपल्या पेनचं टोपण काढलं, पेन त्याच्या हातात दिलं.

"घाबरवलेली एक होती, तिचं लिहून झालं," त्या म्हणाल्या. "आता ज्यांना धीर दिलास त्यांना एकेकीला फोन लाव, बाळ. आणि हिशेब खरा ठेव."